परसातली उंदरी आणि उसातले उंदीर



सप्टेंबर अखेरची गोष्ट. आडसाली लागणीच्या पाहणीसाठी आम्ही गटात फिरत होतो. एका सभासदाच्या वस्तीवर चहाला थांबलो, तर त्यांच्या वयोवृद्ध आईंनी आम्हांला चहा पिऊ दिला नाही. "सायेब, आदी माजा परसू बगा, मग चा प्या," म्हणून हाताला धरूनच घेऊन गेल्या. न्हाणीच्या पाण्यावर केलेला दीड गुंठ्याचा परसू. चार वाफे वांगी, मिरची, कडेला पावटा आणि भुईमुगाच्या दोन ओळी. पावट्याचे कोंब कुणीतरी कात्रीने कापावेत तसे कापलेले. भुईमुगाची माती उकरून शेंगा फोडलेल्या, टरफले तिथेच टाकलेली.

आजी म्हणाल्या, "मी बगितली की तिला. दिस मावळता येती. एवढीशी हाय, माज्या अंगठ्याएवढी. मागच्या पायावर उबी ऱ्हाती आन पुडच्या पायात कोंब धरून कुरतडती. बगतच ऱ्हायले बगा मी. हाकलायचं सुदीक भान ऱ्हायलं न्हाई."

त्यांचे चिरंजीव, म्हणजे आपले सभासद, मागे उभे होते. ते म्हणाले, "साहेब, आज तालुक्याला चाललोय. उंदराचं औषध आणतो आन टाकतो सगळीकडं. हितंबी टाकतो आन उसातबी टाकतो. उसात खोडकिडीनं फुटवं वाळाय लागल्यात, तिचंबी औषध आणतो. एकाच फेरीत काम."

आम्ही विचारले, "या परसात कोण कोण येतं?" आजींनी बोटावर मोजले. सात कोंबड्या, एक मांजर, वस्तीचा कुत्रा आणि दोन नातवंडे. त्यातले धाकटे नुकतेच चालायला लागलेले. आम्ही म्हणालो, "आज तालुक्याला जाऊ नका. आधी ऊस दाखवा." चहा राहिला आणि आम्ही तिघे उसात गेलो.

तिथे जे दिसले, आणि पुढच्या पंधरा दिवसांत जे करावे लागले, ते सर्व सभासदांना उपयोगी पडेल, म्हणून या अंकात मांडत आहोत.

खोडकीड की उंदीर?

लागण अडीच महिन्यांची, गुडघ्याच्या वर आलेली. जागोजाग फुटव्याची मधली सुरळी वाळलेली. लांबून पाहिले तर कुणीही खोडकीडच म्हणेल. आम्ही वाळलेला एक पोंगा धरून ओढला. खोडकिडीचा पोंगा ओढला की सहज उपसून हातात येतो, त्याला कुजका घाण वास येतो, आणि खोडाला जमिनीलगत बारीक भोक दिसते. इथे पोंगा उपसला नाही, सगळा फुटवाच हातात आला. वास नाही, भोक नाही. जमिनीखाली दोन बोटांवर तो तिरका कापलेला, आणि कापावर पटाशीने मारल्यासारख्या जोड रेघा. त्या दातांच्या खुणा होत. चार पावलांवर सरीच्या बगलेला ओल्या मातीची ताजी ढेकळे वर आलेली आणि बिळाचे तोंड आतून मातीने बुजवलेले.

सभासद गप्प झाले. खोडकिडीच्या औषधाला ते जे पैसे घालणार होते, ते मातीत गेले असते आणि उंदीर तसेच राहिले असते. म्हणून पहिला धडा हा, की औषध आणण्याआधी कोण खाते ते पाहावे.

मोठ्या उसातही हे ओळखता आले पाहिजे. उंदीर बुडाच्या दोन-चार कांड्या कुरतडतो, पोखरतो, पण सगळा ऊस खात नाही. कोल्हा ऊस मोडतो आणि चावून चोथा टाकतो. रानडुक्कर बुडखाच उखडते, आडवा पाडते, आणि त्याच्या खुरांची खूण चिखलात राहते. साळिंदराचे दात रुंद असतात, आणि बहुधा एखादा काटा तिथे पडलेला सापडतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

सगळे उंदीर एक नव्हेत

आजींच्या परसातली अंगठ्याएवढी उंदरी आणि उसात माती काढणारा उंदीर हे एक नव्हेत, हे त्या दिवशी सभासदांना पटवून द्यावे लागले. आपल्या शिवारात मुख्यतः चार प्रकार भेटतात.

पहिला, लहान शेतउंदीर. वजन सुमारे दहा ग्रॅम, पाठ भुरी, पोट पांढरे. बांधाच्या कडेला लहानसे साधे बीळ करतो. दाणे, शेंगा, कोवळे कोंब आणि किडेही खातो. परसातली उंदरी ती हीच. मोठ्या उसाला याच्यापासून फारसे भय नाही.

दुसरा, मऊ केसांचा उंदीर. हा मध्यम आकाराचा. काळ्या रानातल्या भेगांत आणि उथळ बिळांत राहतो. पावसाळ्यात भेगा मिटल्या की बांधावर येतो.

तिसरा, हरण उंदीर. डोळे मोठे, मागचे पाय लांब, शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत राहतो आणि उड्या मारत पळतो. याच्या बिळाची तोंडे सहसा उघडी असतात.

चौथा, काळा शेतउंदीर. काही गावांत याला लहान घूस म्हणतात. वजन पाव किलोपर्यंत किंवा त्याहूनही जास्त भरते. तोंड बोथट, केस राठ, अंगावर गेले तर गुरगुरतो. उसाचा खरा वैरी हा. ओलिताचे रान त्याला मानवते आणि पोहतोही चांगला, म्हणून पाटाचे पाणी बिळात सोडून तो हमखास मरेल या भरवशावर राहू नये. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि तोंड आतून बंद असते. बिळात धान्य साठवतो. एका बिळात बहुधा एकच मोठा उंदीर असतो. पण बिळाला तोंडे अनेक असतात, म्हणून तोंडे मोजून उंदीर मोजले तर हिशेब चुकतो.

पाचवे नाव सांगायचे ते चिचुंद्रीचे. लांब नाकाची, चिकचिक आवाज करणारी, वासाची. ती उंदीर नव्हे. ती मुख्यतः किडे-अळ्या खाते. तिला उंदीर समजून मारू नका.

उंदीर कुरतडतो का?

भुकेपोटी खातो हे खरे, पण तेवढेच नाही. उंदराचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. म्हणून तो कठीण वस्तू कुरतडतच राहतो. उसाचे कांडे त्याला दोन्ही कामाला येते, दात झिजवायला आणि गोड रस चाखायला. त्यामुळे तो खातो थोडे आणि नासतो फार. एका उसाच्या दोन कांड्या कुरतडल्या की तो ऊस पडतो किंवा वाळतो. जखमेतून लाल कूज आणि इतर बुरशी शिरतात. उभा राहिला तरी रसातली साखर उतरते. वजनात मार आणि उताऱ्यातही मार.

वाढ किती वेगाने होते तेही ध्यानात घ्या. काळ्या शेतउंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. एका वेताला सहा-आठ पिल्ले सर्रास होतात आणि मादी पिल्लू तीनेक महिन्यांत स्वतः वेताला येते. पाऊस चांगला, खायला मुबलक, लपायला ऊस. मग संख्या वाढायला वेळ लागत नाही. खरिपाची पिके निघाली की सोयाबीन, भुईमूग, भात यांच्या रानातले उंदीर शेजारच्या उसात मुक्कामाला येतात. बारा ते अठरा महिने रानात उभे राहणारे, दाट सावलीचे, पाण्याचे पीक म्हणजे त्यांची धर्मशाळाच.

नुकसान मोजावे कसे?

नुसते "लई खाल्लं" म्हणून चालत नाही. रानात पाच ठिकाणी, चार कोपरे सोडून आत आणि एक मध्ये, प्रत्येकी वीस ऊस पाहा. एकूण शंभर ऊस झाले. त्यांत कुरतडलेले जितके, तितके टक्के नुकसान.

आता हिशेब करा. एकरात चाळीस हजार ऊस उभे आहेत आणि एक ऊस सरासरी सव्वा किलोचा आहे असे धरले, तर पन्नास टन झाले. शंभरात पाच ऊस उंदराने नासले तर एकरी दोन हजार ऊस, म्हणजे अडीच टन गेले. याला आपल्या दराने गुणा. शिवाय कुजलेल्या उसामुळे उतरलेली साखर वेगळी. अडीच टनांच्या किमतीपुढे उंदीर नियंत्रणाचा खर्च काहीच नाही. मात्र शंभरात एखादाच ऊस कुरतडलेला असेल तर विषाची घाई न करता बांध साफ करा, पिंजरे लावा आणि लक्ष ठेवा.

आमची एक चूक

हे सांगायला संकोच वाटतो, पण त्यातून सभासदांचा फायदा आहे म्हणून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका प्लॉटवर आम्ही सभासदाला थेट विषारी आमिष ठेवायला सांगितले. आधी साधे आमिष ठेवून सवय लावली नाही. दुसऱ्या दिवशी बरेच उंदीर मेलेले सापडले. आम्ही खूष झालो, चार गावांत सांगत सुटलो. महिन्याभराने त्याच प्लॉटवर पुन्हा तेच औषध ठेवले, तर एकाही उंदराने तोंड लावले नाही.

कारण असे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. नवे खाणे मिळाले तर आधी थोडे चाखतो. जहाल विष थोडेसे चाखून जो आजारी पडला पण मेला नाही, तो ती चव आयुष्यात विसरत नाही. मग ते आमिष तिथे कितीही ठेवा, फुकट जाते.

त्याहून वाईट पुढे घडले. उरलेले आमिष त्या सभासदाने गोठ्याच्या वळचणीला फुटक्या डब्यात ठेवले होते. उरलेल्याचे काय करायचे ते आम्ही सांगितलेच नव्हते. त्यांचा कुत्रा ते खाऊन मेला. त्या घरात चार वर्षांचे मूल होते. कुत्र्याच्या जागी ते असते तर, हा विचार आजही मनातून जात नाही. त्या दिवसापासून आम्ही नियम केला, की विष सांगताना उरलेल्या विषाचे काय करायचे हे आधी सांगायचे.

परसात विष नाही

म्हणून आजींच्या परसात आम्ही विषाची एक पुडीही टाकू दिली नाही. तिथे एवढेच केले.

परसाच्या कडेला सरपणाचा आणि जुन्या कौलांचा ढीग होता, तो हलवला. खाली गवताचे छोटे घरटे आणि बोट जाईल एवढे बीळ निघाले. बीळ खणून बुजवले. भुईमुगाच्या ओळीत दोन मडकी गळ्यापर्यंत जमिनीत पुरली. त्यांत निम्मे पाणी घातले आणि पाण्यावर भाताचा भुसा पसरून वर थोडे दाणे टाकले. दिवसा मडक्यांवर जड फरशी ठेवायची म्हणजे पोरांचा पाय जाणार नाही, संध्याकाळी उघडायची. पावट्याच्या कोवळ्या रोपांभोवती बारीक जाळी लावली. कोंबड्यांचे दाणे रात्री बाहेर राहू द्यायचे नाहीत असे ठरले.

आजी म्हणाल्या, "गणपतीचं वाहन हाय बाबा, मारू नगा म्हणायचं माज्या मनात आलं हुतं." आम्ही म्हणालो, "आजी, वाहन देवाजवळ शोभतं. तुमच्या पावट्यात नको." त्या हसल्या. चौथ्या दिवशी मडक्यात दोन सापडल्या आणि पावटा पुन्हा फुटायला लागला.

उसात काय केले?

उसातले काम मोठे होते आणि ते एकट्याचे नव्हते. सभासदाच्या रानाला लागून तिघांचा ऊस आणि एकाचे सोयाबीन. एकाने उंदीर मारले तर शेजारचे आठवड्यात मोकळ्या बिळात येऊन राहतात. म्हणून पाचही जणांना गट ऑफिसात बोलावले. एकाने कुरकूर केली, "माझ्या रानात न्हाईत." त्याच्या रानात जाऊन बिळे दाखवली, मग तोही आला. सोयाबीन निघाल्यावर, पावसाची उघडीप बघून, सर्वांनी एकाच दिवशी सुरुवात केली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी बांध, पाटाच्या कडा आणि उसातल्या सर्व बिळांची तोंडे चिखलाने बुजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. जी पुन्हा उघडली ती चालू बिळे. प्रत्येकाजवळ खुणेची काठी रोवली. यामुळे रिकाम्या बिळांत औषध वाया जात नाही.

दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चालू बिळाजवळ साधे आमिष ठेवले. ज्वारी किंवा गव्हाची भरड, तिला थोडे गोडेतेल चोळलेले, विष नाही. बिळामागे मूठभर नको, वीस ग्रॅम पुरे. उंदरांना चव लागते आणि बिचकणे जाते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी विषारी आमिष. झिंक फॉस्फाईडचे दोन टक्के आमिष करताना प्रमाण असे : भरड ९६० ग्रॅम, गोडेतेल २० ग्रॅम, औषध २० ग्रॅम. एकूण एक किलो. भरडीला आधी तेल चोळावे, मग औषध घालून काठीने ढवळावे. दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या करून हातमोजे घालून बिळात खोलवर सारल्या आणि तोंड मातीने हलके झाकले. उघड्यावर एकही पुडी ठेवली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सर्व रान फिरून मेलेले उंदीर फावड्याने गोळा केले आणि खोल खड्ड्यात पुरले. हे काम टाळू नका. मेलेला उंदीर कुत्र्याने, मांजराने, घारीने खाल्ला तर त्यांनाही बाधा होण्याचा धोका असतो.

आठवड्याने बिळे पुन्हा बुजवली. बहुतेक बंदच राहिली, थोडी उघडली. तिथे तेच औषध पुन्हा ठेवायचे नाही, हे आम्ही आमच्या चुकीतून शिकलो होतो. तिथे ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्क्याचे तयार आमिष बिळामागे पंधरा ग्रॅम ठेवले. हे औषध सावकाश काम करते. उंदराचे रक्त गोठणे बंद होते आणि तो काही दिवसांनी मरतो. खाणे आणि आजार यांत अंतर पडत असल्याने त्याला संशय येत नाही.

विष हाताळताना

झिंक फॉस्फाईड ही करडी-काळी, लसणासारख्या वासाची पूड आहे. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून विषारी वायू सुटतो. याला उतारा नाही, हे नीट वाचा. म्हणून—

मिसळण्याचे काम घराबाहेर, वारा पाठीमागून घेऊन करा. हातमोजे आणि तोंडाला फडके हवे. स्वयंपाकाचे भांडे वापरू नका. त्या वेळी तंबाखू, विडी, पाणी काही नको. लागेल तेवढेच करा, उरलेले खोल पुरा. डबा कुलपात ठेवा. पोरांकडून पुड्या बांधून घेऊ नका. वेष्टनावर लिहिलेल्या सूचना वाचा आणि पक्की पावती घेऊनच औषध घ्या, सुटे घेऊ नका.

चुकून कुणाच्या पोटात गेले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. औषधाचे वेष्टन बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. ब्रोमॅडिओलोनच्या बाधेवर के-१ जीवनसत्त्वाचा उपचार डॉक्टरांकडे आहे, पण कोणते औषध पोटात गेले हे त्यांना कळले पाहिजे.

धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या बिळात टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. त्या गोळ्यांचा वायू माणसाचा जीव घेतो. त्यांची विक्री आणि वापर यांवर सरकारी निर्बंध आहेत. ते काम जाणकारांच्या देखरेखीशिवाय करायचे नाही.

विषाशिवायचे उपाय, जे आधी करायचे

विष शेवटी. वर्षभर करायची कामे ही.

बांध आटोपशीर ठेवा. रुंद, उंच, गवताळ बांध म्हणजे उंदरांची चाळ. उन्हाळ्यात, एप्रिल ते जून, उंदीर कमी असतात आणि लपायला जागाही कमी असते. तेव्हा बांध छाटा, बिळे खणा. उन्हाळ्यात मारलेली एक मादी म्हणजे दिवाळीला न दिसणारे अनेक उंदीर.

पाचट जाळू नका, पण बांधावर ढीगही लावू नका. खोडव्यात सरीत पसरून, दाबून, कुजवा. ढिगाखाली उंदीर विणार, पसरलेल्या पाचटाखाली त्याला तेवढी सोय नाही.

ऊस पडू देऊ नका. बांधणी वेळेवर करा, नत्र बेताने द्या. लोळलेल्या उसात उंदराला छप्पर मिळते आणि कांडी तोंडाशी येते. वाळलेले पाचट काढून रान हवेशीर ठेवा. तोड वेळेवर व्हावी म्हणून लागणीची नोंद वेळेवर करा.

मित्रांना राखा. गव्हाणी घुबड, पिंगळा, कापशी घार, मुंगूस आणि धामण हे आपले बिनपगारी राखणदार. धामण बिनविषारी आहे आणि उंदराच्या बिळात शिरून त्याला खाते. दिसली की काठी उचलू नका. ती मारणे कायद्यानेही गुन्हा आहे. घुबडाला अशुभ म्हणून हाकलू नका. लहान उसात आणि बांधावर इंग्रजी टी अक्षरासारखी लाकडी बैठक रोवा. रात्री घुबड त्यावर बसून शिकार करते.

पण नुसत्या राखणदारांवर भिस्त ठेवूनही भागत नाही. याचा एक जुना दाखला आहे. १८७२ साली जमैका बेटातल्या एका ऊस मळेवाल्याने उंदरांसाठी कलकत्त्याहून नऊ मुंगसे नेली. ती वाढली. तिथून १८८३ साली हवाई बेटांतल्या ऊस मळेवाल्यांनीही मुंगसे आणली. मुंगूस दिवसा हिंडते आणि उसातले उंदीर मुख्यतः रात्री. उंदीर संपले नाहीत, आणि मुंगसांनी तिथले जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि कोंबड्या मात्र फस्त केल्या. आपल्या मुलखात मुंगूस मुळचे आहे, त्याला राखावे. पण एकाच उपायाने उंदीर जात नाहीत, हा धडा घ्यावा.

तोडणी टोळीचीही काळजी

उंदरांचा आणखी एक त्रास पैशात मोजता येत नाही. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप पसरतो. ओल्या रानात, चिखलात अनवाणी काम करताना पायाच्या चिरांतून आणि हातावरच्या जखमांतून हे जंतू शिरतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९३३-३४ च्या सुमारास ऊसतोडणी कामगारांत या रोगाची मोठी साथ आली. १९३५ साली कामगारांनी त्यावरून संप केला. तोडीआधी ऊस जाळून उंदीर हटवा, ही त्यांची मागणी होती. आपल्याकडे ऊस जाळणे हा उपाय नव्हे, त्यात वजन आणि पाचट दोन्ही जाते. पण त्या कामगारांची तक्रार खरी होती हे विसरू नये.

सबब, पाणी देणारा गडी असो की तोडणी टोळी, पायात बूट आणि जखमेवर पट्टी हवी. रानातल्या साचलेल्या पाण्यात हातपाय धुवू नयेत. ताप, अंगदुखी, विशेषतः पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे झाले तर लगेच दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना "उसात काम करतो, रानात उंदीर आहेत" हे आवर्जून सांगावे. लवकर औषध सुरू झाले तर हा रोग बरा होतो.

सभासदांच्या काही शंका

*बिळात मिरचीची धुरी दिली तर?* उंदीर तेवढ्यापुरता बाहेर पडतो. बाहेर कुत्रा आणि काठी तयार असेल तर उपयोग. नाही तर तो दुसऱ्या तोंडाने शेजारी जातो.

*लागण करतानाच बेणे खाल्ले तर?* लागणीआधी बांधांची बिळे खणून घ्या आणि कांड्या मातीआड नीट झाकून दाबा. उघड्या राहिलेल्या कांडीचे डोळे आधी जातात. नांग्या भरायला रोपे तयार ठेवा.

*पाऊस चालू असताना आमिष ठेवावे का?* नाही. ओलीने झिंक फॉस्फाईडचा गुण जातो. उघडीप बघा.

*शेजारी ऐकत नसेल तर?* गट ऑफिसात सांगा. आम्ही येऊ आणि त्याच्याच रानातले कुरतडलेले ऊस त्याच्या हातात देऊ. आजवर एवढ्याने काम भागले आहे.

शेवटी

त्या वस्तीवर आम्ही दिवाळीनंतर पुन्हा गेलो. नवे फुटवे मोकळे वर आले होते. मेलेल्या फुटव्यांची भर पूर्ण निघणार नाही, काही नांग्या राहिल्या. पण नुकसान तिथेच थांबले होते. सभासद म्हणाले, "साहेब, त्या दिवशी तुम्ही चहा पिऊन गेला असता तर मी दोन औषधं आणून परसात आन उसात फेकली असती." आम्ही म्हणालो, "श्रेय आमचं नाही. तुमच्या आईनं परसात लक्ष ठेवलं, म्हणून उसातलं कळलं."

आमची सर्व सभासदांना विनंती आहे, की वस्तीवरच्या बायाबापड्या "रोप कुणीतरी खातंय" म्हणाल्या, तर ते हसण्यावारी नेऊ नका. परसात उंदीर दिसला की मागच्या उसात एक चक्कर मारा, पोंगा उपसून पाहा, बिळे बुजवून सकाळी मोजा. आणि चालू बिळे निघाली तर एकट्याने पुडी टाकू नका. शेजाऱ्याला हाक मारा आणि गट ऑफिसला कळवा, म्हणजे सगळ्या शिवाराची एकच तारीख ठरवता येईल. कारखाना आपण सर्वांनी मिळून उभा केला. उंदीरही मिळूनच हटवावा लागेल, कारण बांध तुमचा-आमचा असतो, उंदराला बांध नसतो.

आणि हो, आजींनी या खेपेला आधी चहा दिला, मग परसू दाखवला.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग